एका चेहऱ्याच्या चाळीस नकला

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शोभनाचलम अकराव्या नृसिंहाच्या डोळ्यांत लाल रंग भरत होता. हैदराबादच्या वेशीबाहेर, स्टुडिओमागच्या पत्र्याच्या कारखान्यात तसले चाळीस चेहरे जमिनीवर, पुठ्ठ्यांवर उताणे ठेवले होते. सगळे एकाच साच्यातले.

तो साचा त्याच्या गावच्या देवळातल्या मुखवट्यावरून घेतलेला. वर्षातून एकदा, नृसिंह जयंतीला, हा मुखवटा पेटीतून निघतो. तो जमिनीवर ठेवत नाहीत, सुपातल्या तांदळांवर ठेवतात. घालणारा नऊ दिवस एकभुक्त राहतो आणि तो चढला की दोघेजण त्याची कंबर मागून धरून ठेवतात, कारण मग तो माणूस राहत नाही असं मानतात. गेली सहा वर्षं तो मान शोभनाचलमचा होता.

मुखवट्याचं मोजमाप घ्यायला सिनेमावाले आले तेव्हा पेटीची किल्ली चुलत्यांकडे होती. त्यांना तो बाबाई म्हणतो. देव म्हणूनच दाखवणार आहेत, एकच चेहरा, असं त्यानं त्यांना सांगितलं, आणि तेव्हा ते त्याला खरंही वाटत होतं. इथं रंगकामाला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी सिनेमाची गोष्ट कळली: मंगळावरचा हिरण्यकशिपू भक्तांना फसवायला देवाच्या चेहऱ्याची यंत्रं बनवतो. तरी आठवड्याला फोनवर तो सांगत राहिला की काम छान चाललंय.

आज बाबाई न कळवता आले. हातात पुलिहोरेचा, चिंचेच्या भाताचा डबा. दारापाशी त्यांनी चपला काढल्या, कारण आत देवाचा चेहरा होता. कारखान्याच्या जमिनीवर रेझिनचा भुगा पसरलेला, ते त्यातून अनवाणी आत आले आणि थांबले. एका नृसिंहाच्या कपाळावर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवला होता.

त्यांनी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग विचारलं, "ह्यातला आपला कुठला?"

शोभनाचलम ब्रश धुवायच्या निमित्तानं खाली वाकला.

कारखान्याची प्रमुख साहिती, सव्वीस वर्षांची, अदबीची मुलगी, तिनं खुर्ची आणली. म्हातारा गोंधळलाय असं समजून तिनं आजोबांना सांगावं तसं प्रेमानं समजावलं, "तातगारू, हे शत्रूचे सैनिक आहेत. इंटरव्हलनंतर सगळे फुटतात. खरा देव शेवटी येतो, पण तो कॉम्प्युटरवर करतात, इथं नाही."

"फुटतात," बाबाई म्हणाले. "कसे?"

"लाथेनं," साहिती म्हणाली.

बाबाईंनी ग्लास उचलून बाकावर ठेवला. मग ओळीच्या एका टोकापासून प्रत्येक चेहऱ्यासमोर थांबून हात जोडत गेले, न जाणो एखादा आपला असला तर. कारखान्यातली पोरं काम थांबवून बघत होती. कुणी हसलं असतं तर शोभनाचलमला बरं वाटलं असतं. कुणी हसलं नाही.

ते बाहेर चपला घालत असताना शोभनाचलम त्यांच्यामागे गेला. "बाबाई, मला कामाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं."

"कळलं ते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस."

"यंदा मुखवटा मी घालत नाही."

"तू काय सांगतोस? नाहीच घालायचा." आवाज चढला नव्हता. "मी घालीन."

"तुमचे गुडघे गेलेत."

"उपास गुडघ्यांनी करत नाहीत. तू मागे उभा राहा. माझी कंबर धर. पडायला लागलो तर सोडू नकोस, एवढं जमेल ना?"

जमेल, असं त्यानं मान हलवून सांगितलं. डबा त्याच्या हातात देऊन बाबाई बसथांब्याकडे चालू लागले. पोचवायला येतो म्हणाला, तर नको म्हणाले.

आत आल्यावर साहितीनं विचारलं, मास्टरगारू, सुट्टी हवी का? तो नको म्हणाला आणि अकराव्याचा उरलेला डोळा भरला.

उद्या सकाळी पाचला कारखान्याची गाडी त्याला न्यायला, तो राहतो त्या वनस्थलीपुरमच्या चौकात येते. रंगवलेले सगळे चेहरे नऊच्या आत सेटवर पोचवायचे आहेत. दहाला पहिली लाथ.