साडूंचं कुलूप

माझ्या थोरल्या साडूंइतका बदलाचा वैरी कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही. शिळफाट्याजवळच्या एका कॉलेजात ते कॉम्प्युटर सांभाळायचे. कॉम्प्युटर म्हणजे नेहमीचे ढब्बू खोके नव्हेत, डब्याएवढे पिटुकले थिन क्लायंट. या मशीनच्या डिस्कला लेखनबंदी करता येते. एकदा ती केली, की दिवसभर कुणी काहीही घाला, काढा, बिघडवा. बंद करून पुन्हा चालू केलं की मशीन पहिल्यासारखं, जणू कालचा दिवस उगवलाच नव्हता. साडू त्या लेखनबंदीला 'कुलूप' म्हणत आणि ते लावण्यात त्यांना जो आनंद व्हायचा तो मी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नकार्यातही पाहिला नाही. एखादी गोष्ट खरोखरच ठेवायची असेल तर आधी कुलूप काढायचं, मशीन पुन्हा चालू करायचं, काम उरकायचं आणि परत कुलूप लावायचं. एवढा खटाटोप कुणासाठी करायचा हे साडू ठरवत, आणि बहुधा कुणासाठीच करत नसत. एकदा पाहुणे कॉलेज बघायला येणार म्हणून प्राचार्यांनी स्वतः खपून सगळ्या मशीनच्या पडद्यांवर आपला फेटा बांधलेला फोटो लावला. साडूंना विचारायचं काही त्यांना सुचलं नाही. सकाळी पाहुण्यांसमोर मशीनं सुरू झाली तर सगळीकडे नुसता निळा पडदा! प्राचार्य लालबुंद. साडू शांतपणे म्हणाले, "सायेब, फोटो गेला नाय. तो लागलाच नव्हता."

घरीही तीच तऱ्हा. पाहुण्याने खुर्ची हातभर सरकवली, की तो उठायच्या आत साडू ती जागेवर न्यायला तिच्या पाठीला हात लावून उभे. चहात आलं घातलेलं चालायचं नाही, कारण काल नव्हतं. माझ्या मेव्हण्याच्या हळदीला मटणाच्या रश्श्यावरून त्यांनी मला चारचौघांत असं झापलं, की मी आयुष्यभर न बोलण्याची शपथ घेतली, आणि सकाळी यांचाच फोन, "साडूभाऊ, उठलाव का? निघा, पोहे झालेत." भांडण रात्रीतून पुसलेलं. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

त्यांच्या मुलाने नेरळला फ्लॅट घेतला तेव्हा कडावचं गावाकडचं घर सोडायला साडू मुळीच तयार नव्हते. अक्कानेच, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, त्यांना राजी केलं. गोठ्यातल्या म्हशी विकताना ती रडली नाही, हे मात्र दोन दिवस रिकामा गोठा झाडत राहिले. आणि मग वर्षा-दोन वर्षांत अक्काच विसरायला लागली. सकाळी उठली की बादली घेऊन गोठा शोधायची. फ्लॅटचं दार उघडून एकदा थेट रस्त्यावर गेली. ओळखीच्या भाजीवालीने हाताला धरून परत आणलं म्हणून बरं.

साडूंनी कॉलेजातली नोकरी सोडली आणि ते रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसू लागले. "आपण नेरळला ऱ्हातो. म्हशी विकल्या. सांग बघू?" अक्का शहाण्या मुलीसारखी सगळं म्हणून दाखवायची. यांना वाटायचं, आज डोक्यात बसलं. सकाळी पुन्हा बादलीचा आवाज. आयुष्यभर दुसऱ्यांची दिवसभराची मेहनत पुसली जाताना मिशीत हसलेला हा माणूस मला फोनवर म्हणाला, "साडूभाऊ, हिचं कुलूप काढायची जागाच सापडत नाय." मी जेवलात का विचारलं. अशा वेळी माणूस किती फालतू बोलतो!

मुलगा वाईट नाही. पण रोज लोकलचा प्रवास, घरी लहान मूल आणि आई कधी जिना उतरून जाईल याची धास्ती. त्याने पनवेलकडची एक संस्था बघून ठेवली. तिथे अशांना सांभाळतात, दारं बंद असतात, असं म्हणाला. 'दारं बंद' ऐकल्यावर साडू ताटावरून उठले. पुढच्याच आठवड्यात अक्काला घेऊन ते कडावला परतले. पत्रे बदलले, गोठा शेणाने सारवून घेतला आणि वयाची साठी उलटल्यावर एक म्हैस आणली. म्हशीचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं. तिने त्यांना दोनदा पाडलं. "हिला रीस्टार्ट नाय," ते मला गुडघा चोळत म्हणाले. पण अक्का उठते, बादली घेते, आणि आता गोठा जागेवर असतो. ती त्यानंतर एकदाही वाट चुकली नाही. संस्थेचं नाव मुलानेही परत काढलं नाही.

परवा मी गेलो होतो. अक्का चुलीपाशी होती, साडू गवताचा भारा टाकून घाम पुसत आत आले. तिने डोक्यावरचा पदर सावरला, लगबगीने खुर्ची पुढे केली. तिच्या मनातलं सगळं तिथेच थांबलेलं, घर, गोठा, सून म्हणून आलेली ती. तिच्या मनातला नवराही पंचविशीतला, काळ्याभोर केसांचा. हा पांढऱ्या मिशीचा म्हातारा तिने कुठून ओळखावा?

"बसा," ती म्हणाली. "हे येतीलच एवढ्यात."

"बसतो," साडू म्हणाले.

तिने त्यांच्या हातात चहाचा कप दिला, पाहुण्याला देतात तसा, बशी धरून. "कितीबी उशीर होऊ दे, जेवायला घरीच येतात हे. तुमी थांबा."

"थांबतो की," ते म्हणाले. चहात आलं होतं. त्यांनी तो पूर्ण प्यायला आणि तिच्याबरोबर दाराकडे बघत बसून राहिले.