डाव्या हाताची अंगठी

सुकन्या माझ्या थोरल्या जावेची पोरगी, पण वाढली माझ्याच मांडीवर. अख्ख्या शिरूर अनंतपाळात नवरीला मेंदी काढायची म्हणली की हिलाच बोलावणं. उजव्या हातात कोन, डाव्या हातात कायम रुमाल. लोकांना वाटायचं, मेंदी पुसायला असंल. कशाची मेंदी! त्या रुमालाखाली अर्धं बोट झाकलेलं असायचं.

नऊ वर्षांची होती. कडबा कुट्टीच्या मशीनपाशी पेंढी सारायला बसली होती, आणि बटण दाबलं मी. करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं. तेव्हापासून मी तिच्या मागंच लागले. पाव्हणे आले, हात मागं घे. फोटो काढायलेत, ओढणी नीट कर. आम्ही लिंगायत, रोज सकाळी ती डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा करती, तेवढाच वेळ तो हात उघडा. पोरीचं लग्न जमावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आता जमलं. नांदेडचा संगमेश, आमच्यातलाच, औषधाचं दुकान हाय, बोलायला शांत. बघायला आला तेव्हा हिनं चहाचा ट्रे असा धरला की त्याला काही दिसलंच न्हाई. मीबी तोंड उघडलं न्हाई. साखरपुडा होऊ द्या, मग सांगू, असं मीच घरात सगळ्यांना बजावलं.

"काकू, ही फसवणूक हाय," सुकन्या म्हणली.

"गप बस! लई शहाणी झालीस," मी खेकसले. भ्याले की माझं तोंड असंच सुटतंय.

मग एक दिवस संगमेशचा फोन आला. अंगठी आईनं आणायची न्हाई, सुकन्यानंच पसंत करायची, लातूरला सराफ लाईनीत या. आता आली का पंचाईत! मी सोबत गेले. वाटेत लातूर येईपर्यंत तिला दहादा सांगितलं असंल, उजवाच हात पुढं कर म्हणून. ती खिडकीतनं बाहेर बघत होती.

दुकानात संगमेश आधीच येऊन थांबला होता. तिथले सराफ शेषेराव, जुने माणूस. त्यांनी मखमलीचा ट्रे काढला. गोल खडा, चौकोनी खडा, फुलाचा. सुकन्याची नजर एकावरच थांबली. एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूला निमुळता होत गेलेला, पाण्याच्या थेंबासारखा. दोन वर्षांमागं उदगीरच्या एका नवरीच्या बोटात तिनं तसला बघितला होता, आणि घरी येऊन मला चार दिवस तेच सांगत होती. सुकन्यानं कधी काही मागितलं न्हाई, म्हणून तेवढं माझ्या ध्यानात राहिलं.

"हा पेअर शेप," शेषेराव म्हणले. "नासपतीसारखा. टोक नखाकडं ठेवायचं, म्हणजे बोट कसं लांबसडक दिसतंय."

तिनं उजवा हात पुढं केला. अंगठी छान बसली. मी मनात महादेवाला हात जोडले. तेवढ्यात शेषेराव म्हणले, "आता डावा द्या ताई. साखरपुड्याची डाव्या हातात घालतात. दोन्ही हातांचं माप सारखं नसतंय."

"आमच्या लिंगायतात उजव्याच हातात घालतात!" मी ठोकून दिलं.

संगमेश गोंधळला. "असं कुठं असतंय काकू? माझ्या अक्काला तर डाव्याच हातात घातली."

अगं बाई! हाबी लिंगायतच की! घाबरून मी तेच विसरले होते. कानशिलं तापली माझी.

"काकू, बास," सुकन्या म्हणली. रुमाल बाजूला ठेवला आणि डावा हात उघडा करून त्या लाल मखमलीवर ठेवला. मागं घेतला न्हाई. "असं हाय बघा. लहानपणी मशीनमध्ये गेलं. तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं. आता तुम्ही न्हाई म्हणलात तरी माझा राग न्हाई."

मोडलं लग्न, आणि मीच मोडलं, असं वाटलं.

संगमेशनं वाकून ते बोट बघितलं. मग हळूच विचारलं, "दुखतं का?"

सुकन्याला हे अपेक्षित नव्हतं. "थंडीत," ती म्हणली. "सुया टोचल्यासारखं. कधी कधी झोप लागत न्हाई."

"तुमच्या घरच्यांनी लपवलं, ते मला आवडलं न्हाई," तो म्हणला. माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली. मग शेषेरावांकडं वळला. "हीच द्या. टोक मनगटाकडं येईल अशी घालू. तुटल्या बाजूला टोचलं तर दुखंल त्यांना."

शेषेराव माप घ्यायला लागले, आणि मी तिथंच ढसाढसा रडले. लाज न्हाई वाटली. त्या पोरीला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, अठरा वर्षं हात झाकायला लावला. दुखतं का, एवढं मात्र कधी विचारलं न्हाई.

"मला का सांगितलं न्हाईस गं?" मी म्हणले.

तिनं माझे डोळे पुसले. "तू विचारलं असतंस तरी न्हाईच म्हणले असते, काकू. दुखतंय म्हणलं असतं, तर ते बटण आठवून तुझ्या घशाखाली घास उतरला नसता."