जावयाचा पट्टा कोण ओढणार

नालोंगो नाबोसाच्या तोंडाला लगाम नव्हता, आणि तो असावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. जिला जुळी होतात तिला आमच्याकडे नालोंगो म्हणतात, आणि ती काहीही बोलली तरी ते शुभच मानायचं, अशी रीत आहे. नाबोसाने या सवलतीचा पुरेपूर फायदा उठवला होता. काम्पालाच्या कडेला, किरा गावात, आठ मजली इमारतीचं काम चालू होतं, तिथे इंजिनिअरपासून पाणक्यापर्यंत प्रत्येकाने तिची बोलणी खाल्ली होती आणि बहुतेकांना ती पचलीही होती.

बावीस वर्षं तिने घमेली वाहिली. मधे एकदा दुसऱ्या मजल्यावरून पडली, पण खाली वाळूचा ढीग होता म्हणून खांद्यावर निभावलं. तो उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली राहिला तो राहिलाच. ती म्हणायची, "मी वाळूवर पडले म्हणून बडबडतेय. विटांवर पडले ते बघा कसे गप्प आहेत." हे ऐकून नवे बिगारी हसायचे आणि मग हसू मधेच थांबायचं.

नव्या लोकांना सुरक्षेचं शिक्षण द्यायचा नियम आला तेव्हा आधी एक टाय लावलेला माणूस आला होता. त्याने भिंतीवर चित्रं दाखवली आणि त्या अंधारात बारा बिगारी गाढ झोपले. मग इंजिनिअर ब्यारुहांगांनी ते काम नाबोसाकडे दिलं. तिची पद्धत साधी होती. एका पिकल्या पपईवर ती वरून वीट सोडायची. मग दुसऱ्या पपईला हेल्मेट घालायची आणि पुन्हा वीट सोडायची. "पहिली पपई कुणाचं डोकं होतं?" असं विचारून ती एकेकाकडे बघायची. मग वाचलेली पपई सगळ्यांना कापून द्यायची. फुटलेल्या पपईला कुणी हात लावत नसे, म्हणून ती स्वतः खायची.

दुसरा नियम याहून कडक होता. वर चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरचा सुरक्षेचा पट्टा ती दोन्ही हातांनी धरून स्वतः हिसडायची. खांद्याचा, कमरेचा, मग दोन्ही मांड्यांचा. मांडीचा पट्टा सैल असला, की पडताना माणूस शेंगेतून दाणा निघावा तसा त्यातून निसटतो. तिने हिसडल्याशिवाय कुणी शिडीला पाय लावायचा नाही. सहा वर्षांत चारशेच्या वर माणसं तिच्या हाताखालून गेली आणि एकही पडला नाही. याचा तिला गर्व होता आणि ती तो लपवत नसे.

त्या सोमवारी अकरा नवे बिगारी आले. मुकादम सेबूफूने त्यांना तळमजल्यावर रांगेत उभं केलं. नाबोसा पपया घेऊन आली, रांगेवर नजर टाकली, आणि सातव्या माणसापाशी तिची नजर थबकली. तो च्येयुने होता. तिच्या धाकट्या मुलीचा, नाकिमेराचा, नवरा.

आमच्याकडे सासूने जावयाच्या समोर यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, आणि स्पर्श तर स्वप्नातही नाही. झालाच तर दोघांना ओबुको लागतो, हातपाय थरथरायला लागतात ते मरेपर्यंत. च्येयुनेचं केस कापायचं दुकान रस्ता रुंद करताना गेलं, म्हणून तो बिगारी कामाला आला होता. सासू कुठल्याशा इमारतीवर शिकवते एवढं त्याला ठाऊक होतं. पण सासूबद्दल जास्त चौकशी करणं आगाऊपणाचं, म्हणून त्याने कुठली इमारत हे विचारलंच नव्हतं.

नाबोसाने अंगावरचं चकाकतं जाकीट ओढून तोंडावर घेतलं. च्येयुने सिमेंटच्या पोत्यांमागे आडवा झाला. उरलेल्या दहांना वाटलं, शिक्षण सुरू झालं. तेही धडाधड जमिनीवर आडवे पडले आणि त्यांच्यापाठोपाठ, आपल्याला कुणी सांगायचं विसरलं असेल असं समजून, मुकादम सेबूफूही पडला.

"काय कोसळतंय?" त्याने जमिनीवरूनच विचारलं.

"माझं नशीब," जाकिटामागून आवाज आला. "उठ रे मेल्या. पोत्यांमागे माझा जावई आहे."

सेबूफू उठला, पँट झटकली, आणि त्याचा चेहरा उजळला. असा तमाशा साइटवर रोज थोडाच मिळतो? "मग आज सुट्टी द्यायची का, नालोंगो?"

"सुट्टी कशाला? माझी मुलगी काय वारा खाऊन जगते? त्याला त्या खांबाआड उभा कर आणि मी सांगते ते त्याच्यापर्यंत पोचव."

मग धडा रंगला. नाबोसा खांबाकडे पाठ करून उभी राहिली. "सेबूफू, त्या खांबाला विचार, खिळा वर आलेली फळी दिसली तर काय करशील?"

सेबूफूने विचारलं. खांबाआडून हळूच आवाज आला, "त्यांना सांगा, खिळा ठोकून बसवीन."

"आणि हातोडी नसली तर?"

"त्यांना सांगा, फळी उलटी करून मुकादमाला कळवीन."

"मुकादमाला कळवून काय होणार, ते मला ठाऊक आहे," नाबोसा म्हणाली. "पण उत्तर बरोबर आहे." दहा बिगारी इतके हसले की सेबूफूच्या हातातली पपईची फोड निसटली.

पट्ट्यांची वेळ आली तशी नाबोसाची जीभ जरा मंदावली. रांगेतल्या सहा जणांना तिने हिसडलं. सातव्याच्या आधी ती थांबली. मग घसा खाकरून म्हणाली, "आजपासून नवी रीत. जोड्या करा. एकाने दुसऱ्याचा पट्टा हिसडायचा."

नेमके तेव्हा इंजिनिअर ब्यारुहांगा तिथून चालले होते. ते देशाच्या पश्चिमेकडचे, त्यांना आमच्या सासू-जावयाच्या भानगडी काय ठाऊक. ते थांबले, बघत राहिले, वहीत काहीतरी लिहून घेतलं. "वा, नालोंगो. प्रत्येकाने सोबत्याची जबाबदारी घ्यायची. हे कुठे शिकलात?"

"मुलीच्या लग्नात," ती म्हणाली. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

च्येयुनेच्या जोडीला लुबोवा नावाचा एक सज्जन माणूस होता, आणि तो सज्जन होता हीच पंचाईत झाली. नालोंगोचा जावई, तोही तिच्यादेखत, त्याला हिसडायचं म्हणजे काय? लुबोवाने नव्या नवरदेवाच्या अंगरख्यावरची धूळ झटकावी तसे चार बोटांनी पट्टे चाचपले आणि अदबीने म्हणाला, "उत्तम आहे." नाबोसाची पाठ होती. तिने विश्वास ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिने न बघता मान डोलावली होती.

दुपारी मक्याच्या पिठाचा पोशो आणि घेवडा खाऊन झाल्यावर च्येयुनेला चौथ्या मजल्यावर गिलाव्याच्या कामाला पाठवलं. नाबोसा खाली भांडी गोळा करत होती. जावई बाहेरच्या शिडीवर पाठमोरा होता, आणि पाठमोऱ्या जावयाकडे बघायला हरकत नसते. तिने बघितलं. डाव्या मांडीचा पट्टा बकलातून सुटून लोंबत होता.

मिक्सर धडधडत होता. त्यावर मात करणारा आवाज साइटवर एकच होता, आणि नेमका तोच इथे चालणार नव्हता. तरी तिने हाक मारली, "च्येयुने, थांब. खाली ये."

लग्नाला चार वर्षं झाली, सासूने नावाने हाक मारायची ही पहिलीच वेळ. त्याने खाली पाहिलं. सासू शिडीच्या पायथ्याशी, तोंड वर करून, सरळ त्याच्याकडे बघत होती. सासू समोर आली की जावयाने वाट सोडून दूर व्हायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. शिडीवर दूर होण्याची जागा एकच, वर. तो भराभर चढू लागला. तिने परत हाक मारली, तो आणखी वेगाने चढला. घाईत त्याने पट्ट्याचा आकडाही दोरीला लावला नाही.

नाबोसाला सगळं कळलं. आपण ओरडू तेवढा हा वर जाणार. आणि चौथ्या मजल्याला त्या बाजूने कठडा नव्हता, माल वर घ्यायला तो काढलेला होता. तिने हातातली भांडी तिथेच टाकली. आतल्या जिन्याने ती धावत सुटली. बावन्न वर्षांची, एका खांद्याने वाकडी बाई चार मजले कशी चढली, ते ती पुढे कधीच नीट सांगू शकली नाही.

च्येयुने शिडीवरून चौथ्या मजल्यावर आला, तर समोर धापा टाकत सासू. त्याने डोळे खाली घातले आणि रीतीप्रमाणे एक पाऊल मागे घेतलं. मागे आणखी एकच पाऊल शिल्लक होतं.

नाबोसाने दोन्ही हातांनी त्याच्या छातीवरचे पट्टे धरले आणि चारशे माणसांना हिसडलं नसेल असं हिसडलं. जावई उडून आत आला, ती मागे पडली, आणि दोघे गिलाव्याच्या ओल्या मालात बसले. तिने हात सोडले नाहीत. तशीच बसून तिने त्याच्या मांडीचा पट्टा बकलात घातला, ओढला, पुन्हा ओढून पाहिला. च्येयुनेने डोळे घट्ट मिटले होते.

कुणीतरी मिक्सर बंद केला. गवंड्यांच्या थाप्या हातात राहिल्या. मागोमाग धापा टाकत आलेला सेबूफू जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्याला हसू येईना. "नालोंगो," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही त्याला हात लावलात."

"मग काय पाय लावू?"

"ओबुको लागेल. दोघांनाही."

"लागू दे. दोघं मिळून थरथरू," नाबोसा म्हणाली आणि मालातून उठायला लागली. "तो खाली गेला असता, तर विधवा एकटी माझी पोर झाली असती." तिचा आवाज फाटला. सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी घरोघर गेली. कुणी म्हणालं नालोंगोने अति केलं, कुणी म्हणालं जावयाने आता तोंड दाखवू नये.

मंगळवारी सकाळी नाबोसाने जोड्यांची रीत मोडून टाकली. इंजिनिअर साहेब हळहळले, त्यांनी ती वरच्या कचेरीला कळवूनही टाकली होती. रांगेत च्येयुने सातवाच होता. नाबोसा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने मान डावीकडे वळवली. त्याने उजवीकडे वळवून हात वर केले. ती मिक्सरकडे बघत होती, तो सिमेंटच्या पोत्यांकडे. खांदा, कंबर, एक मांडी, दुसरी मांडी. सगळी साइट श्वास रोखून बघत होती.

च्येयुने पोत्यांकडे बघतच म्हणाला, "मुकादम, त्यांना सांगा, घरून नाकिमेराचा निरोप आहे."

सेबूफूने तोंड उघडायच्या आत नाबोसाने मिक्सरला विचारलं, "काय म्हणते?"

"म्हणते, आईला सांग, अजून जरा जोरात ओढ."