सुषमाताईंचा ‘स’

“आता बोला,” मी म्हटलं.

सुषमाताईंनी हातातला आरसा खाली ठेवला. समोरचे नवे दात त्यांना आवडले होते. चेहऱ्यावर दिसतच होतं. खुर्चीत ताठ बसून त्यांनी कामावरचं नेहमीचं वाक्य म्हटलं. “सातारा-सांगली गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे.”

‘सातारा’च्या ‘स’मागून एक बारीक शिट्टी आली. ‘सांगली’मागून आली. ‘सहा’मागूनही आली. दाराच्या फटीतून वारा यावा तेवढीच, पण आली.

सुषमाताईंचा हात तोंडाकडे गेला.

“होईल सवय,” मी म्हटलं. “जीभ शिकते. चार दिवस द्या तिला.”

हे मी उगाच धीर द्यायला म्हटलं नव्हतं. नवे दात बसवल्यावर बहुतेकांचं बोलणं थोडं अडखळतं आणि आठवड्याभरात सुरळीत होतं. दात मी अजून पक्के चिकटवले नव्हते. कच्च्या सिमेंटवर, म्हणजे पुन्हा काढता येतील अशा बेताने बसवले होते. त्याच स्थितीत मी त्यांना घरी पाठवलं.

मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दातांचा दवाखाना चालवते. सुषमाताई स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये असतात. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे माइकवरून सांगणारा आवाज त्यांचा. माहेर पलूसचं, सासर कोरेगावजवळचं. नवरा फौजेतून निवृत्त झालेला. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, हुद्दा कुठलाही असो. तेव्हा हेही मेजर.

कामावरून घरी जाताना कोरेगाव रस्त्यावर खडीवरून सुषमाताईंची स्कूटी घसरली. वरचे समोरचे दोन दात गेले आणि त्यांच्या शेजारच्या दोन दातांचे टवके उडाले. जखम भरेपर्यंत मी त्यांना काढघालीची छोटी कवळी दिली होती. ती घालून जेवता येतं, हसता येतं, पण टाळूवर तिची पट्टी असते आणि बोलणं तोंडात घास असल्यासारखं येतं. तेव्हापासून त्या माइकपासून लांबच होत्या.

हिरडी भरल्यावर दोघं नवरा-बायको कायमचे दात करायला आले. मी पर्याय समोर ठेवले. एक, आहे तीच कवळी चांगल्या प्रतीची करून घ्यायची. दुसरा, इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. पण मार बसल्यामुळे त्यांचं तिथलं हाड पातळ झालं होतं. आधी हाड भरा, मग बरेच महिने थांबा, असं ते काम होतं. तिसरा, ब्रिज. शेजारचे दात घासून त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि मधले नवे दात त्या टोप्यांना जोडलेले. शेजारचे दात धडधाकट असतील तर ते घासायला माझा हात सहजी होत नाही. इथे त्यांचे टवके उडालेलेच होते, त्यांना टोप्या लागणारच होत्या. त्यामुळे ब्रिज करणं शहाणपणाचं होतं.

मेजरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मॅडम, ह्यात लय भारी कंचं? त्येच बसवा.”

हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. आतून धातू आणि वरून सिरॅमिक असा दात असतो, पूर्ण झिर्कोनियाचा असतो. झिर्कोनिया म्हणजे दातासारखा दिसणारा एक अतिशय कठीण, पांढरा पदार्थ. त्यातही पुन्हा प्रती असतात. सोबत वॉरंटीचं कार्ड मिळतं, ते लोक पाकिटात जपून ठेवतात.

“मेजर, भारीतला बूट घेतला आणि मापाचा नसला तर?”

“पायाला फोड येत्यात.”

“तसंच आहे हे.”

टोपीची कड हिरडीपाशी नीट बसते का, चावताना वरचे-खालचे दात सारखे टेकतात का, ब्रिजच्या खालून दोरा फिरवून साफ करता येतं का, दर्जा ठरतो तो यावर. चकाकी सगळ्यांनाच असते. समोरचे दात असल्याने आम्ही झिर्कोनिया ठरवला. निघताना सुषमाताई दाराशी थांबल्या.

“मॅडम, एक मागू का? माझे दात पुढं होते, एकमेकांवर चढलेले. नवे करताच आहात तर सरळ कराल?”

मी हो म्हटलं. यात वावगं काही नव्हतं. चार दातांचा ब्रिज सांगलीच्या लॅबमध्ये मोहसीनभाईंनी केला. ते माझ्या बहुतेक केसेस करतात. दात एका रेषेत, सरळ, रंग शेजारच्या दातांशी इतका जुळलेला की मलाही जवळून बघावं लागलं. आणि मग ती शिट्टी.

आठवडा उलटल्यावर सुषमाताई आल्या. सोबत मेजर. ताईंनी तोंडावर रुमाल धरला होता.

“गेली नाही ना शिट्टी?”

त्यांनी मान हलवली. “पहिल्याच दिवशी कॉलेजची पोरं केबिनच्या खिडकीशी येऊन शिट्टी काढत ‘स्वारगेट, स्वारगेट’ करायला लागली. वाईट नाहीत हो ती, मीपण हसले असते. पण साहेब म्हणाले, थोडे दिवस माइक दुसऱ्यांना द्या. आता मी पासाच्या खिडकीवर आहे.” मग त्या म्हणाल्या, “आरशात मला काही चूक दिसत नाही, मॅडम. पण तोंड उघडलं की दुसरीच बाई बोलती. माझं नावच धड येत नाही मला.”

सुषमा. पहिल्याच अक्षराला शिट्टी.

“ही येतच नव्हती,” मेजर म्हणाले. “म्हणं, डॉक्टरनी एवढं छान दात केलं, त्येंना कसं सांगायचं? मीच घिऊन आलो. म्हटलं, त्येंना कळायला नको व्हय?”

तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. आमच्या धंद्यात ज्याला दात पटत नाही तो पुष्कळदा परत येतच नाही. कवळी डब्यात ठेवून देतो, नाहीतर गुपचूप दुसरीकडे जातो. आणि आपण समजतो, काम झकास झालं. त्या दिवशी समोर बसलेल्या या दोघांबद्दल मला मनापासून बरं वाटलं. ते आले होते, म्हणून काही करता येणार होतं.

“पूर्वी तुम्ही कशा बोलायचात, ते मला नीट ऐकायला मिळालं असतं तर,” मी म्हटलं.

मेजरांनी खिशातून फोन काढला. बराच वेळ शोधलं आणि टेबलावर ठेवला. आधी गाड्यांचे हॉर्न, शेंगदाणेवाल्याची आरोळी आणि मग खणखणीत आवाज. “सातारा-सांगली, मार्गे कराड, पलूस...”

“सुट्टी संपवून जाताना स्टँडवर रेकॉर्ड करायचो,” ते म्हणाले. “तिकडं रेंज नसायची. मग ह्येच लावायचं.”

“घरातलं बोलणं नाही का रेकॉर्ड केलं?”

“घरात ती मला बोलती. हितं समद्यांना बोलती. ह्ये ऐकलं की समदा मुलूख डोळ्यांपुढं यायचा.”

सुषमाताईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी फोन उचलून ते पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, “केवढ्या घाईत बोलायचे मी.” आणि रुमाल डोळ्यांकडे नेला.

ते रेकॉर्डिंग मी मोहसीनभाईंना पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. “मॅडम, नुसतं ऐकून मला दात करता येणार नाही. त्या बोलताना मी समोर पाहिजे. मी येतो साताऱ्याला.” लॅबचा माणूस सहसा पेशंटला कधी बघतही नाही. माप डब्यातून त्याच्याकडे जातं आणि दात डब्यातून परत येतो. मोहसीनभाई हातातली कामं बाजूला ठेवून सांगलीहून आले. ते आले नसते तर पुढचं काही झालं नसतं.

शिट्टीचं कारण आमच्या दोघांच्याही लक्षात आलं होतं. ‘स’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे जवळ जातं आणि मधल्या चिंचोळ्या जागेतून हवा सुटते. सुषमाताईंचे जुने दात पुढे होते, त्यामुळे जिभेला तिथे ऐसपैस जागा होती. इतकी वर्षं जीभ त्या जागेला सरावलेली. आम्ही दात सरळ केले म्हणजे आत घेतले. जागा अरुंद झाली आणि शिट्टी वाजायला लागली.

झिर्कोनिया थोडाफार घासता येतो, पण त्यात भर घालता येत नाही. म्हणून तो ब्रिज काढून आम्ही त्याच आकाराचा प्लास्टिकचा तात्पुरता ब्रिज बसवला. प्लास्टिक मागून घासता येतं, पुढून वाढवता येतं. सकाळच्या बाकीच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या. मी थोडं पुढून वाढवायची, मोहसीनभाई मागून पातळ करायचे, पुन्हा बसवायचं, आणि ताई म्हणायच्या, “सातारा-सांगली गाडी फलाट क्रमांक सहावर...”

ते वाक्य आमच्या फारच कामाचं निघालं. ‘स’ दातांची मागची बाजू तपासतो. ‘फ’ म्हणताना बहुतेकांचा खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेला टेकतो, म्हणून ‘फलाट’वरून दातांची लांबी कळते. एकदा आम्ही दात जरा लांब ठेवले तर ‘स’ बरा आला, पण ‘फलाट’ अडकला. पुन्हा कड घासली. मेजर बाहेर बाकावर बसून ऐकत होते. मधूनच दार ढकलून सांगायचे, “अजून हाय.” मग पुन्हा घासणं.

असं करत करत एकदा वाक्य पूर्ण झालं आणि दार उघडलं नाही. मीच बाहेर डोकावले. मेजर नुसती मान डोलावत आत आले.

मी ताईंच्या हातात आरसा दिला. त्यांचा चेहरा उतरला.

“पुढं आले ना परत?”

“आले. पण एकमेकांवर चढलेले नाहीत.”

त्यांनी आरसा मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाल्या, “शाळेत मला फावडी म्हणायचे. फोटो काढताना मी कायम तोंड मिटूनच. खोटं कशाला सांगू, दात पडले तेव्हासुद्धा एक मन म्हणालं, बरं झालं, आता सरळ तरी होतील.”

तोंडातला ब्रिज काढून दोन्ही ब्रिज मी ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवले. सांगितलं, “हा सरळ आहे. यातही बोलणं सुधारेल, पण वेळ लागेल, आणि पूर्ण पहिल्यासारखं होईल याची खात्री मी देऊ शकत नाही. हा थोडा पुढे आहे. यात तुमचा आवाज आहे. दोन्ही चालणारे आहेत. तुम्ही सांगाल तो करू.”

त्यांनी मेजरांकडे बघितलं.

“मला इचारू नगंस,” मेजर म्हणाले. “दात तुजं हायत. मला दोन्हीबी चालत्यात.”

सुषमाताईंनी थोडा पुढे असलेला ब्रिज पुन्हा बसवून घेतला आणि आरसा हातात धरला. वळून एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग मोहसीनभाईंना विचारलं, “भाऊ, अगदी केसभर आत घेतले तर?”

“बघू या की,” मोहसीनभाई म्हणाले.

केसभर आत घेतले. वाक्य झालं. शिट्टी आली नाही. आणखी केसभर घेतले, तर आली. तेव्हा एक पाऊल मागे येऊन थांबलो. तिथे त्यांचे दात पूर्वी होते तसे पुढेही नव्हते आणि अगदी सरळही नव्हते. ताई आरशात बघून पहिल्यांदा दात दाखवून हसल्या.

“फावडं गेलं,” त्या म्हणाल्या. “खुरपं राहिलं. राहू द्या. कामाला खुरपंच बरं.”

तो प्लास्टिकचा ब्रिज घालून त्या कामावर गेल्या. साहेबांनी आधी केबिनमध्येच बोलून दाखवायला सांगितलं, मग माइक दिला. काही आठवडे तसेच काढले, कारण कायमचं काम पुन्हा चुकायला नको होतं. जेवणात, बोलण्यात कुठे काही खटकत नाही अशी खात्री झाल्यावर मोहसीनभाईंनी तो ब्रिज जसाच्या तसा स्कॅन केला आणि त्याच आकाराचा झिर्कोनियाचा कापून दिला. या वेळी मी पक्क्या सिमेंटने बसवला.

त्यानंतर काही कामाने मला सांगलीला जायचं होतं. मुद्दाम गाडी घरी ठेवून स्टँडवर गेले. रसाच्या गाड्यापाशी उभी राहून माइकवरचा ताईंचा आवाज ऐकत राहिले. कोरेगाव लागली, पुसेगाव लागली, स्वारगेट लागली. प्रत्येक ‘स’ स्वच्छ. लोक पिशव्या उचलून आपापल्या फलाटाकडे जात होते. कुणी मान वर करून बघितलं नाही, कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. दात बसवणाऱ्याला याहून मोठी पावती मिळत नाही. मी कृतज्ञतेने रसाचा दुसरा ग्लास घेतला. तेवढ्यात माझी सांगलीची गाडी निघून गेली.

मी शिकले ते एवढंच. समोरचे दात आरशाला आवडले म्हणजे काम संपलं असं नाही. त्या माणसाला रोज जे बोलावं लागतं ते त्याच्याकडून बोलवून घ्यायचं, आणि पक्कं सिमेंट त्यानंतर उघडायचं. हल्ली मी हे प्रत्येकाच्या बाबतीत करते. भटजींना मंत्र म्हणायला लावते, भाजीवालीला भाव सांगायला लावते. गेल्या आठवड्यात एका निवृत्त मास्तरांना नवी कवळी बसवली आणि म्हटलं, “काहीतरी बोला.” ‘स’ उत्तम आला, ‘फ’ही उत्तम आला. पण मास्तर थांबेनात, आणि त्यावर दंतशास्त्रात इलाज नाही.