बिनतारखेची चिठ्ठी

आमच्या शाळेच्या हजेरीबुकात, मागच्या पुठ्ठ्याच्या आत, माझ्या जोडीच्या सरांची एक चिठ्ठी कायम असायची. रजेचा अर्ज. खाली सही, मध्ये 'प्रकृती ठीक नसल्यामुळे', आणि तारखेची जागा कोरी. सर आले नाहीत आणि मंडलच्या शिक्षण-साहेबांची जीप तपासणीला आली, तर मी पटकन तारीख टाकायची. जीप आली नाही, तर सर दुसऱ्या दिवशी कालच्या रकान्यात सही ठोकायचे आणि चिठ्ठी परत पुठ्ठ्यात. एकच चिठ्ठी दोन वर्षं पुरली. कडा पिवळ्या पडल्या, तरी सरांची प्रकृती काही सुधारली नाही.

तेलंगणात, आमच्या वांकिडीकडे दोन मास्तरांच्या बऱ्याच शाळांत हे चालायचं. त्याला लबाडी कोणी म्हणत नसे, 'सांभाळून घेणं' म्हणत. आमच्याकडे फरक एवढाच की सांभाळणारी नेहमी मी. सर सकाळच्या बसनं यायचे, मी गावातच खोली करून राहत होते. "तुमी त इथंच असता, बाई," असं ते म्हणायचे, जसं काही मी तिथं उगवलेच होते.

मी माझी अशी चिठ्ठी कधी ठेवली नाही. माझे मायबाप जन्मभर दुसऱ्याच्या कापसात राबले, घरात पगार घेणारी पहिली मी. बुद्धवाड्यातल्या पोरीनं एक खाडा केला तर लोक चार मोजतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि दुसरंही खरं सांगते, 'बाई लई चांगल्या हायेत' हे ऐकायची मला चटक लागली होती. भीड भिकेची बहीण, असं माय म्हणायची. मला ते तेव्हा जुन्या माणसांचं बोलणं वाटायचं.

त्या वर्षी कापूसवेचणीच्या दिवसांत मायच्या डोळ्याचं ऑपरेशन चंद्रपूरला ठरलं. एका डोळ्यात लहानपणीच फूल पडलेलं, दुसऱ्यावर मोतीबिंदू. दोन वर्षं ती मला आवाजावरूनच ओळखत होती. मी शाळेच्या गावी परत निघताना तिनं माझा हात धरून ठेवला. "पट्टी काढाच्या दिवशी तू समोर पायजे. पयलं तोंड तुयंच पायीन." मी येते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणाले, "सर, बुधवारी मले एक दिवस पायजे. जरासं काम हाय." माझा अर्ज मी तारखेसकट लिहिला आणि हजेरीबुकात त्यांच्या देखत ठेवला. "जा ना बाई, बिनधास्त जा," सर म्हणाले. "मी हाओ ना."

बुधवारी सकाळी मी फाट्यावर उभी होते. पिशवीत मायसाठी चार मोसंबी. ज्या बसमधून सर उतरणार, त्याच बसनं मी पुढं राजुऱ्यावरून चंद्रपूरला जाणार, असा हिशेब. बस आली, पण सर उतरले नाहीत. कंडक्टर दारातूनच बोलला, "सर नहीं आते आज. साले की मंगनी है बोले, आप संभाल लो बोले." मग म्हणाला, "चढते क्या, टीचर?"

माझा एक पाय पायरीवर होता. मी चढले असते तर माझं काहीही बिघडलं नसतं. माझी रजा खरी होती, तारीख घातलेली. जीप आलीच असती तर कुलूप लागलेल्या शाळेसाठी सर अडकले असते, मी नाही. हे सगळं मला त्या पायरीवर कळत होतं. तरी मी पाय खाली घेतला. दोन लेकरांचा बाप, त्याला मेमो मिळाला तर माझ्यामुळं मिळाला असं होईल, म्हणून.

त्या दिवशी शाळेत अकरा पोरं आली, बाकीची कापसात. मी त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेतले. जीप आली नाही. चार वाजता मी शाळा बंद केली.

सर गुरुवारी साखरपुड्याचे लाडू घेऊन आले. बुधवारच्या रकान्यात सही केली आणि माझा अर्ज घडी घालून माझ्याच हातात दिला. "वाचली ना तुमची रजा," म्हणाले. "बरंच झालं." मी लाडू खाल्ला. त्याची आजही लाज वाटते.

रविवारी घरी गेले तेव्हा माय खाटेवर बसली होती. काय झालं ते भावजयीनं सांगितलं. "पट्टी काढली त समोर नर्स उभी. मायनं गपकन डोया मिटून घेतला. मायी पोरगी यीन तवाच उघडीन, म्हने. डाक्टर रागावला, आयकेच ना. राजुऱ्याची शेवटची बस येऊन गेली तवा उघडला."

माय माझं तोंड खिडकीकडे वळवून पाहत राहिली. मग एवढंच म्हणाली, "वाळली वं तू. काऊन?"

सोमवारी मी सरांपुढे त्यांची चिठ्ठी ठेवली. सगळं बोलले. पट्टीचं, बसचं, मायनं मिटलेल्या डोळ्याचं. सर खरोखर वरमले. "मंग सांगाचं ना, बाई," ते म्हणाले. "तुमी त निस्तं काम हाय म्हनलं. आईचं हाय म्हनलं असतं त मी मंगनी सोडून आलो असतो."

ते खोटं होतं असं म्हणायची मला अजूनही फार इच्छा होते. पण मी सांगितलं नव्हतंच. त्यांच्या साळ्याच्या, सासूच्या, पोरांच्या गोवराच्या सगळ्या गोष्टी मला पाठ होत्या, आणि माझी आई आंधळी आहे हे त्यांना दोन वर्षांत माझ्या तोंडून कळलं नव्हतं. सरांनी चिठ्ठी उचलली, कडा नीट केल्या, आणि परत पुठ्ठ्यात ठेवली.

महिन्याभरात जीप आली. सर नव्हते. साहेबांनी हजेरीबुक मागितलं आणि तेलुगूत विचारलं, दुसरे मास्तर कुठं आहेत. चिठ्ठी पुठ्ठ्यात होती, पेन माझ्या हातात होता.

"मला काही सांगून नाही गेले," मी म्हणाले, आणि बुक तसंच पुढं केलं.