खुर्चीचं काम

बैलगाडीतून खुर्ची उतरली की दादा उपरण्याने तिचे हात पुसायचे आणि आम्हाला बजावायचे, "राव, चांगलं काम करून घ्या हिच्याकडनं."

पिंपरीला कारखान्याची वसाहत नुकती उभी राहिली होती. आम्ही सगळे कुठून कुठून आलेलो, घरात दोन ट्रंका आणि एक स्टो. पण गणपतीत नाटक, भजन, चित्रांचं प्रदर्शन, सगळं पाहिजे. नाटकाला दिवाणखाना लागतो, आणि त्यात मांडायला आमच्याकडे काय, तर हौस. शेवटी शेजारच्या गावात दादांकडे खुर्ची सापडली. देहूरोडच्या छावणीतला गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यांनी ती घेतली होती. उंच पाठीची, वेताची, ऐसपैस.

मग ती आमच्या प्रत्येक नाटकात. कधी वकिलाची, कधी राजाची. दादा मंडपाच्या खांबाला टेकून उभे राहायचे आणि नटांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. नाटक संपलं की आत येऊन विचारायचे, "कशी झाली आमची?" असा प्रेक्षक तुम्ही तरी पाहिलाय का? प्रदर्शनातही तेच. एकाने आठवडाभर खपून राजवाडा रंगवला होता. दादा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "झ्याक हाय. पर बसायचं कुठं?" चित्रकार माझ्यावर रागावला, जसं काही मीच विचारलं.

"एकदा वहिनींना आणा की नाटकाला," मी एका वर्षी म्हणालो.

"कशी येईल? तिची पाठ धरलीया. भुईवर बसवत न्हाई, तुमच्या घडीच्या खुर्चीत कळ येती. ह्या एकीतच बसवतं तिला."

"मग ही इकडे आणता तेव्हा त्या काय करतात?"

"खाटंवर पडून ऱ्हाती. मी जाऊन सांगतो की सगळं. तीच म्हनती, खुर्ची न्या. पर येकदा तरी डोळ्यानं बगायचंय म्हनती."

मला फार वाईट वाटलं. नाटकाची एवढी आस असलेली बाई, आणि तिचीच खुर्ची आम्ही नाटकाला पळवत होतो. त्या वर्षी आम्ही नाटकात एक आजारी आजी घातली. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं. दादा बायकोला नाटकात उभी करणार म्हणून गावात कुजबुज झाली. दादा शांतपणे म्हणाले, "नाटकात कुठं हाय ती? ती आपल्या खुर्चीत बसनार. नाटक तिच्या म्होरं व्हनार."

वहिनी पदर सारखा करून बसल्या त्या अगदी पुढे सरकून. दुसऱ्या अंकात खलनायक नायकाला गोड बोलून फसवू लागला आणि त्यांना राहवलं नाही. "त्याचं ऐकू नगं लेकरा, खोटं बोलतोय त्यो." लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. खलनायक पुढचं वाक्य विसरला. नायकाने मात्र ठरल्याप्रमाणे फसून घेतलं.

नाटक सुटल्यावर खुर्ची गाडीत चढवली, तिच्यात वहिनी. दादांनी त्या दिवशी "कशी झाली आमची?" विचारलं नाही. मी रस्त्यापर्यंत गाडीबरोबर चाललो. वहिनी पहिल्या अंकापासून नाटक सांगत होत्या आणि दादा "व्हय? मग?" करत होते. मला वाटलं, म्हातारा बायकोचं मन राखतोय.

वहिनींनाही तसंच वाटलं असावं. "मला काय इचारता? तुमी व्हता की तिथंच."

"व्हतो," दादा म्हणाले. "पर मी नाटक कुठं बगितलं? तू सांग."