तारखेची साडी

नवऱ्यावर फारकतीचा दावा लावून दर तारखेला लग्नाला निघाल्यासारखी नटून निघणारी बाई अख्ख्या वडगावात एकच झाली, आणि ती आमच्या शेजारची आक्का. घरात माग, त्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची जन्माची सवय, त्यामुळे तिचं गुपित असं काही नसायचंच. ती कुजबुजली तरी भिंतीपलीकडे आम्हाला सगळं कळायचं. साडीचं वेड तर विचारू नका. दिसेल त्या बाईचा पदर दोन बोटांत चोळायचा आणि तोंडावर निकाल द्यायचा. एकदा बसस्टँडवर एका अनोळखी बाईचा पदर तिने असा काही धरला, की त्या बाईची बस निघून गेली. बाई भांडायच्या बेतात होती. आक्काने तिला घरी आणून चहा पाजला, एक साडी विकली आणि मगच पुढच्या बसमध्ये बसवून दिलं.

तिचा नवरा, आमचे अण्णा, साड्यांचे गठ्ठे घेऊन निपाणीकडे विकायला जायचे. तिकडचे मुक्काम वाढत गेले आणि एक दिवस कळलं, की त्यांनी तिथे दुसरा संसार थाटलाय. आक्काला मूलबाळ नाही, गुडघे कुरकुरायला लागलेले, माग आणखी किती दिवस चालवणार? पुढचं सगळं आयुष्य पोटगीवर होतं. भावांनी तिला वकिलांकडे नेलं. नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण सिद्ध झालं की फारकत मिळेल, असं वकील म्हणाले. मग पाप एवढं मोठं, तर पोटगीही तेवढीच मोठी का, असं आक्काने विचारलं. वकिलांनी बिचाऱ्यांनी दोनदा समजावलं, की पोटगी ही शिक्षा नव्हे, ती मुख्यतः तुमची गरज आणि त्यांची कमाई बघून ठरते. तेव्हा कोर्टात येताना जरा जुनं, विटकं काहीतरी नेसून या.

एवढं सोडून बाकी सगळं आक्काने ऐकलं. दर तारखेला मागावरून उतरलेली नवी कोरी साडी नेसून ती माझ्या स्कूटरवर बसायची आणि निऱ्या चुरगळू नयेत म्हणून मला बैलगाडीच्या वेगाने न्यायला लावायची. कोर्टाबाहेर बाकावर बसलेल्या बायकांत तिने दोन साड्यांची गिऱ्हाइकंही गाठली. मग व्हायचं तेच झालं. अण्णांच्या वकिलांनी तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, बाईंचं तर उत्तम चाललंय, यांना पोटगी कशाला? आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. आक्का मात्र खूश. "घरच्या मागावरची हाय," तिने न्यायाधीशबाईंना सांगितलं, "काठ बघा की."

अण्णा समोरच उभे होते. त्यांनी काठ पाहिला, आणि मान खाली घातली.

फारकत झाली. पोटगीही मिळाली, पण मागाची कमाई धरून, आमच्या अंदाजापेक्षा बरीच कमी. परत येताना माझा संताप आवरेना. एवढ्या मिजाशीपायी हातचं घालवलंस, म्हातारपणी काय करशील, असं मी वाटभर बोलत राहिले. आक्का ऐकून घेत होती. शेवटी ती बोलली, आणि इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकू येणारा तो आवाज ऐकायला मला स्कूटर थांबवावी लागली.

"अगं, घर सोडून गेल्यापास्नं त्यो मला तारखेलाच तेवढा बघत हुता. इटकं नेसून कशी जाऊ?"

मग तिनेच विचारलं, "आता परत तारीख न्हाय न्हवं?"

नाही, म्हटलं. तिने पदर सावरून घेतला. माझा राग कुठल्या कुठे गेला होता आणि तिला त्या घरी एकटीला सोडणं जिवावर आलं होतं. मी स्कूटर पुन्हा सुरू केली, ती तिला हवी तशी, अगदी हळू.